वेगाची वाट

"चोवीस तासांत आपला वेग वाढेल, सर." फोनवरची मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी लगेच घड्याळात पाहिले. मंगळवार, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. तेव्हापासून आमचे सारे घर एका आकड्याकडे डोळे लावून बसले.

इंटरनेटचा वेग ३० मेगाबिटवरून १०० मेगाबिट व्हायचा होता. (आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटच पदरात पडणार, हे मी बाबांना त्यांनी पैसे भरल्यावर सांगितले!)

हा सारा खटाटोप आजोबांसाठी. आजोबांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाच्या मशीनमधून म्हणे नुसती घरघर येते. ते समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखतात. आत्या असते टोरांटोला. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिच्याकडे शनिवारी रात्री, ती फोनच्या पडद्यावर येते आणि बोलू लागली की नेमके तिच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. आवाज पुढे, ओठ मागे. आम्हाला त्याचे काही वाटत नाही. आम्हाला कान आहेत. आजोबा मात्र "बरी आहेस ना?" एवढे विचारून फोन माझ्या हाती देतात. मागल्या महिन्यात आत्याने आपले ऑपरेशन ठरल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा ते हसून "छान, छान" म्हणाले. त्याच दिवशी बाबांनी वेग वाढवायचे ठरवले.

मी तासातासाला वेग मोजत होतो. २८, २९, पुन्हा २८. माझी तगमग पाहून आजोबांना हसू आले. ते म्हणाले, "अरे, मी टेलिफोनसाठी अर्ज केला १९८१ साली. तेव्हा टपाल आणि तार एकाच खात्यात होते. तुझी आत्या चौथीत होती. फोन घरात आला १९८९ साली, आणि त्यावर पहिली बातमी आली ती तिच्या बारावीच्या निकालाची!" आठ वर्षे! आणि मी चोवीस तासांत रडकुंडीला आलो होतो.

बुधवारचे पाच वाजून दहा झाले. काही नाही. सात वाजता पुन्हा फोन केला. "सर, राउटर बंद करून चालू केलात का?" आमच्या जोडणीला नवा वेग त्यांच्याकडून केव्हाच लागू झाला होता; पण तो घरात यायला जुनी जोडणी एकदा तुटून नव्याने लागावी लागते. हे मंगळवारीच सांगितले असते तर? असो. बटण दाबले, पुन्हा दाबले, मोजले: ९४! आईने अवेळी चहा टाकला. दादाने माहिती पुरवली की २००४ साली सरकारने 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला २५६ किलोबिट पुरेसे ठरवले होते. म्हणजे आमचा वेग त्याच्या साडेतीनशे पटींहून अधिक. आम्ही धन्य झालो.

रविवार उजाडला. आत्या पडद्यावर आली, आणि पुन्हा चौकोन!

मी आजोबांच्या खोलीतच वेग मोजला. ५. मी आजवर मोजत आलो होतो तो सोप्यात, राउटरच्या शेजारी बसून. आमचे घर वाईतले, जुने; मधल्या दगडी भिंती दीड हात जाडीच्या. वायफाय त्यांतून पार होईतो त्याचा जीव जातो. आजोबांची कॉट पूर्वी सोप्यातच होती. दोन वर्षांपूर्वी मोठा टीव्ही घेतला तेव्हा ती आम्ही मागच्या खोलीत नेली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, टीव्ही पाहून काय करणार, असे कोणीसे म्हणाले होते. कदाचित मीच.

डबा मागे न्यावा, तर वायर पुरेना. आत्याला थांबायला सांगून मी आणि दादाने कॉट उचलली. "पुन्हा इकडे?" आजोबांनी विचारले आणि आपली उशी स्वतःच घेऊन ते मागोमाग आले.

टीव्हीपुढे कॉट टाकली. फोन त्यांच्या हातात दिला. आत्या बोलत होती आणि आजोबा तिच्या ओठांकडे एकटक पाहत होते. मग त्यांचा चेहरा बदलला.

"ऑपरेशन? कसलं ऑपरेशन? मला कुणी सांगितलं नाही."

आत्या क्षणभर थांबली. मग तिने चष्मा काढून ठेवला, फोन जवळ घेतला आणि सावकाश, अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.