मागें सरण्याची कला

भांडण मिटविण्यास काळ समर्थ आहे, असें लोक म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे. काळ भांडणाचें कारण पुसून टाकतो. अबोला मात्र जेथल्या तेथें राहतो. ही गोष्ट आम्हांस प्रथम उमगली ती एका परदेशी वाद्यमंडळीच्या हकीकतीवरून.

बिल मन्रो हा अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत १९११ सालीं जन्मला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. थोरल्या भावांनीं फिडल व गिटार आधींच घेतल्यामुळें त्याच्या वांट्यास मॅन्डोलिन आलें. दहाव्या वर्षीं आई व सोळाव्या वर्षीं वडील गेले. पुढें फिडल वाजविणाऱ्या मामानें त्यास आसरा दिला. मामाच्या चाली, आर्नोल्ड शुल्ट्झ या आफ्रिकी वंशाच्या वादकाचें वादन आणि उपासनामंदिरांतील गीतें यांतून त्याचें संगीत घडलें. केंटकीस तेथील गवतावरून ‘ब्लूग्रास’ संस्थान म्हणतात. त्यावरून त्यानें आपल्या मंडळीस ‘ब्लू ग्रास बॉइज’ हें नांव दिलें, आणि पुढें त्या संगीतासच लोक ‘ब्लूग्रास’ म्हणूं लागले.

१९४५ सालीं लेस्टर फ्लॅट हा गायक व तीन बोटांनीं बॅन्जो वाजविणारा अर्ल स्क्रग्ज या मंडळींत आले. वाद्यें पांच, पण ध्वनिक्षेपक बहुधा एकच. ज्याची पाळी येई त्यानें पुढें यावें, वाजवावें, व दुसऱ्यास वाट देऊन मागें सरावें. मागें सरणें हाही त्या कलेचा एक भागच होता.

परंतु रंगमंचावर जें साधलें, तें जीवनांत साधलें नाहीं. १९४८ सालीं फ्लॅट व स्क्रग्ज मंडळी सोडून गेले व त्यांनीं स्वतःची मंडळी काढली. मन्रोच्या मनास तें फार लागलें. १९५५ सालीं, त्याचा विरोध असतांही, तीं दोघें नॅशव्हिल येथील ज्या नभोवाणी-कार्यक्रमांत तो १९३९ पासून गात होता, त्याच कार्यक्रमांत दाखल झाले. कार्यक्रम एक, श्रोते तेच. पण बोलणें नाहीं. अशीं वीसांहून अधिक वर्षें गेलीं.

इंडियाना संस्थानांत बीन ब्लॉसम नांवाचें एक खेडें आहे. तेथें मन्रो १९६७ पासून दरवर्षीं संगीतोत्सव भरवीत असे. १९७१ च्या जूनमध्यें त्या उत्सवास फ्लॅट आला. मन्रोनें रंगमंचावर त्याचा हात हातीं घेतला, आणि दोघे पुन्हां एकत्र गाइले. पुढें १९७९ सालीं फ्लॅट वारला. तो हात आणखी आठ वर्षें पुढें झाला नसता, तर मग तो कोणाच्या हातीं द्यावयाचा होता?

या प्रश्नानें आम्हांस झोंप येऊं दिली नाहीं. शाळेंत असतां गायनमंडळीची पेटी कोणी वाजवावी यावरून आमचें एका जिवलग मित्राशीं बिनसलें होतें. पेटी त्यास मिळाली, व आम्ही रागानें मंडळी सोडली. त्यानंतर कित्येक वर्षें दर रविवारीं एकाच मंदिरांत, दोन टोकांच्या बांकांवर बसून, आम्ही दोघे तींच गीतें गात आलों. देवापुढें अर्पण ठेवण्यापूर्वीं रुसलेल्या भावाशीं समेट करावा, हा उपदेशही तेथेंच ऐकत आलों.

अखेर एके सायंकाळीं त्याच्या दारीं गेलों. तो क्षणभर पाहतच राहिला, मग म्हणाला, “ये. चहा टाकतों.” जुनी गोष्ट निघाली, तेव्हां त्यानें मान हलविली. त्याच्या आठवणीप्रमाणें तंटा पेटीचा नव्हताच. गीत कोणत्या पट्टींत म्हणावें याचा होता! कोणाचें खरें, हें आतां सांगणार कोण? आम्ही दोघेही हंसलों, परंतु हंसतां हंसतां गेलेलीं वर्षें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं.

त्याच्या पेटीचा भाता फाटला होता; तो दुरुस्तीस दिला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनांत आम्ही एकत्र गाणार आहों. पेटी तोच वाजवील. आम्ही मागें उभे राहूं.

बालमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणाचा कोणाशीं अबोला असेल, तर त्याचें वय अजून लहान आहे. तें वाढूं देऊं नका.