फेराच्या आत

मार्च महिन्यातील एका संध्याकाळी मी मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर उभा होतो. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे सोडली जात होती. दोरीच्या अलीकडे पाहुण्यांची दाटी झाली होती. कुणीतरी कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला, तसा माझ्या शेजारचा तरुण हलक्या आवाजात म्हणाला, "फ्लॅश नको, दादा. पिल्लं उजेडाला भुलतात, पाण्याची वाट चुकतात." त्याच्याही गळ्यात कॅमेरा होता. मात्र मावळतीच्या उजेडात जेवढे मिळेल तेवढ्यावर तो समाधानी होता.

शिमग्यासाठी गावी आलेला हा चाकरमानी मंडणगडजवळच्याच एका वाडीतला. मुंबईत पोटासाठी तो व्यापारी प्रदर्शनांतले गाळे उभारतो आणि सुटीच्या दिवशी गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे टिपतो. त्या दिवसापासून आमचा स्नेह जुळला.

गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रातील झगमगाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची आदली रात्र मात्र मला या तरुणाने सांगितली म्हणून कळली. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी जागा खडूने आखून दिलेली असते. अॅल्युमिनियमचे खांब, प्लायवूडचे तक्ते, विजेच्या तारा, ओल्या रंगाचा वास आणि करवतीचा भुसा यांत सुतार, रंगारी, वायरमन रात्रभर राबतात. पहाटे गालिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढला की त्यांचे काम संपते. पाहुणे पुढच्या दाराने आत येतात, तेव्हा ही माणसे मागच्या दाराने बाहेर पडलेली असतात. शेवटच्या संध्याकाळी ती पुन्हा येतात आणि सारे उतरवून ट्रकात भरतात.

"एवढ्या कष्टाने उभारलेले तीन-चार दिवसांत मोडायचे, वाईट नाही वाटत?" मी विचारले.

"मोडायचंच म्हणून बांधलेलं असतं, फादर. म्हणून खिळे कमी आणि स्क्रू जास्त. स्क्रू न फोडता सोडवता येतो," तो म्हणाला.

त्याची छायाचित्रणाची रीतही अशीच, स्वतःचा मागमूस न ठेवणारी. नाट्यगृहात अंधार असतो आणि फ्लॅश वापरला तर कलावंताचे डोळे दिपतात. मग लेन्सचे छिद्र पूर्ण उघडायचे, कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता वाढवायची आणि चित्रावर दाणे उमटले तरी चालवून घ्यायचे. आलाप चालू असताना शटरचा आवाजही खटकतो. अलीकडे आवाज न करणारे कॅमेरे आले आहेत. जुन्या कॅमेऱ्यावर मात्र समेवर दाद येईपर्यंत दम धरावा लागे. १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सतीश पाकणीकर यांनी टिपलेली छायाचित्रे पाहत पाहत आपण हे शिकलो, असे तो सांगतो. त्याच्या स्वतःच्या चित्रांत मात्र गायकापेक्षा मागे तानपुरा धरून बसलेला शिष्यच अधिक आढळतो.

माझ्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव वसईला, माझ्या मूळ धर्मग्रामात साजरा झाला. छायाचित्रे काढण्यासाठी मी त्यालाच बोलावले. महिन्याभराने अल्बम हाती आला. वाचकहो, खरे सांगतो, मी त्यात प्रथम स्वतःलाच शोधले. वेदीवरचा मी चार-पाच चित्रांत होतो. बाकीच्या पानांवर कुणी पहाटे फुले रचत होते, कुणी ऑर्गनच्या पायथ्याशी वाकून वायर जोडत होते, मांडवामागे दोन स्त्रिया मोठमोठी पातेली घासत होत्या. मी नाराज झालो. त्याचे पैसे दिले, आभार मानले आणि अल्बम कपाटात ठेवून दिला.

त्याच वर्षी गणपतीत त्याने मला घरी बोलावले. अंगणात जाखडी रंगली होती. ज्यांनी हा नाच पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गायक आणि वादक मध्यभागी बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. घरात भिंतीवर हार घातलेली एक तसबीर होती. तिच्यात नाचणाऱ्यांच्या पुसट आकृती, दोघांच्या मधल्या फटीतून दिसणारी मृदंगाची काळी शाई आणि एक कोपर. चेहरा कुठेच नव्हता.

"हे माझे बाबा," तो म्हणाला.

तीस वर्षे त्यांनी शक्ती-तुऱ्याच्या फडात मृदंग वाजवला. गावात वाजवला, तसाच परळच्या दामोदर नाट्यगृहातही. १९२२ साली उभे राहिलेले आणि कोकणातल्या लोककलांना आसरा देणारे ते नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झाले. त्या तीस वर्षांत पुष्कळांनी नाचाची छायाचित्रे काढली, पण सर्वांनी फेराबाहेरून. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी नाचा त्यांच्या आड आला. वडील वारल्यावर मुलाने सगळ्या गावकऱ्यांच्या ट्रंका धुंडाळल्या, तेव्हा त्याला हे एक कोपर सापडले. त्यानंतरच त्याने कॅमेरा घेतला.

त्या रात्री मी त्याला पाहिले. फेराच्या आत, मृदंगवाल्यासमोर तो मांडी घालून बसला होता. नाचे त्याच्या भोवतीने फिरत होते.

परत आल्यावर मी कपाटातला अल्बम काढला. पातेली घासणाऱ्या त्या दोघींची नावे मला आठवेनात. त्या धर्मग्रामातला माझा जन्म, लहानपणापासून त्यांना सणावारी राबताना पाहिलेले. पंचवीस वर्षे मी वेदीवरून लोकांकडे तोंड करून उभा राहिलो, आणि तरीही!

पुढच्या खेपेस वसईला गेलो तेव्हा चौकशी करून दोघींची घरे गाठली. प्रत्येकीला चित्राची प्रत दिली. एकीने ती पदराने पुसली, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "लग्नानंतरचा हा माझा एकटीचा पहिलाच फोटो, फादर. सांगितलं असतं तर हात तरी धुतले असते."