एस म्हणजे स्लो नव्हे

२००९च्या जूनमध्ये साताऱ्याहून डोंबिवलीला आत्याकडे राहायला आले आणि दादरला नोकरीला लागले. तोवर प्रवास म्हणजे एसटी. कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरायचं राहिलंच, तर "ओ मास्तर" अशी हाक मारता येते. लोकलमध्ये हाक मारायला कुणीच नसतं. गाडी अर्धा मिनिट थांबते आणि सुटते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादरच्या पुलावर उभी होते. इंडिकेटरवर 'एस' दिसला. मनाशी म्हटलं, एस म्हणजे स्लो. स्लो गाडी सगळीकडे थांबते, म्हणजे चुकायला वावच नाही. त्याच ओळीत पुढे 'एफ' होता; तो काही मी पाहिला नाही. जिना उतरले, लेडीज डब्यासमोर उभी राहिले. पुढचं काम माझ्या मागच्या बायकांनी केलं. मी चढले नाही, चढवली गेले.

आत छान वाटलं. दोन सीटांच्या मधे शिरायला जागा मिळाली, वर कडी होती, पंख्याचा वारा लागत होता. एक बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. पानं एका पिशवीत, देठं दुसरीत. गाडी कितीही हलली तरी एक काडी खाली पडत नव्हती. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "डोंबिवली." त्यांनी हात थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. तेव्हा वाटलं, या मला जागा देणार. खरं तर त्यांना माझी कीव आली होती.

घाटकोपर गेलं, ठाणं आलं. ठाण्याला काही बायका उठल्या, पण उतरल्या नाहीत. दाराकडे सरकत गेल्या. "डोंबिवली?" "हो." "मग मी पुढे, तू माझ्या मागे." अशी कुजबुज चालली होती. मला वाटलं, घाई आहे बिचाऱ्यांना. मग पारसिकचा बोगदा आला आणि त्या आवाजात सगळ्यांचं बोलणं बुडालं. तेव्हा फास्ट गाड्या १९१६ सालच्या या सव्वा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जायच्या. २०२२पासून त्या मुंब्र्याकडून बाहेरून जातात, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना राहिला.

डोंबिवली आलं तेव्हा दार आणि मी यांच्यात तीन हातांचं अंतर होतं. "उतरायचंय, उतरायचंय" म्हणत मी निघाले. पण समोरून चढणाऱ्या आल्या, आणि आतल्या कर्जतवाल्या तसूभर हलेनात. ओढणी कुणाच्या तरी पर्समध्ये अडकली. ती सोडवेपर्यंत प्लॅटफॉर्म मागे पळत होता.

मी रडकुंडीला आले. दारातल्या काकू म्हणाल्या, "अगं, डोंबिवलीला उतरायचं तर ठाण्यालाच उभं राहायचं. कर्जत गाडीत कशाला चढलीस?" आवाज रागाचा होता, पण कल्याणला त्यांनीच माझ्या दंडाला धरून मला खाली उतरवलं. त्यांना कर्जतपर्यंत जायचं होतं. सीएसटीपासून शंभर किलोमीटर, रोज येऊन-जाऊन दोनशे! डोंबिवलीकरांनी त्यांच्या गाडीत गर्दी केली की त्यांचं डोकं का फिरतं, हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

कल्याणहून परतीच्या गाडीत चक्क विंडो मिळाली. घरी पोचले तेव्हा आत्या जेवायची थांबली होती. वीस वर्षं ती हाच प्रवास करत होती. सगळं ऐकून पोट धरून हसली. "एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा. कल्याणपुढे रूळ फुटतात ना! कसाऱ्याची नॉर्थ-ईस्ट, कर्जतची साऊथ-ईस्ट. आपण डोंबिवली लोकल धरायची. ती तिथेच संपते, सगळा डबा उतरतो, तुला कोण अडवणार?"

"आणि ती चुकली तर?"

"तर चढल्या चढल्या विचारायचं, डोंबिवली कोणत्या बाजूला येतं. जागा नंतर बघायची."

पुढची सहा वर्षं मी हा नियम पाळला. कितीदा तिघींच्या बाकावर बसायला मिळालेली चौथी सीट ठाण्याला सोडून उठले, त्याची गणती नाही. ज्या दिवशी आळस केला, त्या दिवशी कल्याण पाहिलं. असं एकूण तीनदा झालं.

तेव्हा दादरला नवीन असाल, तर अक्षरांवरून अर्थ लावत बसू नका. शेजारच्या बाईला विचारा. ती खेकसेल, पण खरं सांगेल.