साठीपर्यंतचं घर

‘बोईसर? एमआयडीसीत जाऊन काय करणारेस?’ वीकेंडचा प्लॅन सांगितला तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यांचं हेच. खरं तर प्लॅन कसला, हमालीच होती. माझी कॉलेजातली मैत्रीण तारापूर अणुवीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली. तिचे बाबा साठीला रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची तारीख आली. म्हटलं, येते सामान बांधायला.

विरारनंतर वैतरणेचा पूल ओलांडला की लोकल एकदम निवांत होते. २०१३ पासून ती डहाणूपर्यंत जाते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला फक्त ‘कॉलनी’ म्हणायचं, बस्स.

गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत गेलात की आत्ताच्या धुळीवर आणि हॉर्नवर विश्वास बसत नाही. रुंद रस्ते, जुनी झाडं, सायकलवर गाठता येईल एवढ्या अंतरावर शाळा. शेजारी तेलुगू, वर बंगाली, समोर मल्याळी. मैत्रीण अजूनही भांडते ती हिंदीतच! क्वार्टर मात्र ग्रेडप्रमाणे, त्यामुळे कुणाचे बाबा कोण हे पत्त्यावरूनच कळायचं. आम्हा चाळवाल्यांना ही भानगड नव्हती.

देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेलं. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता काकांनी मला अख्खा प्लांट समजावला. पहिल्या दोन युनिटांत अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइन फिरवते. मग त्या वाफेचं पुन्हा पाणी करायला थंडावा लागतो, तो समुद्राचा. म्हणून प्लांट किनाऱ्यावर. ही युनिटं मुळात २१० मेगावॉटची, पुढे १६० वर आणलेली. नंतरची दोन प्रत्येकी ५४० ची. त्यातलं चार नंबर २००५ ला सुरू झालं आणि तीन नंबर २००६ ला. हो, चार आधी! काका त्याला ‘आमचं फोर’ म्हणतात, घरातल्या शेंडेफळाबद्दल बोलावं तसं.

संध्याकाळी आम्ही दोघी स्कूटीवरून चिंचणी बीचला गेलो. सुरूची झाडं, ओहोटी, भेळ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पासपोर्टवर पर्मनंट अ‍ॅड्रेस इथलाच आहे गं. आता काय लिहू?’ वीस वर्षांच्या ईएमआयला शिव्या घालणारी मी, मला उत्तरच सुचेना. पुढच्या महिन्यात तिला तिच्याच गल्लीत जायचं तर गेटवर नाव लिहावं लागणार होतं.

सकाळी टेम्पो आला. चाळिशीतला ड्रायव्हर, कपाट उचलताना त्याने सहज विचारलं, ‘साहेब, तुम्ही कुठल्या युनिटला?’

‘आधी वन-टू, मग तीन-चार.’

‘तीन-चार? आमचं पोफरण तिथलंच.’

अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं त्या युनिटांसाठी उठवली गेली. लोकांना दुसरीकडे वसवलं, वस्तीला नाव जुनंच राहिलं. जुन्या घरात रात्री लाटा ऐकू यायच्या, असं ड्रायव्हर म्हणाला. आवाजात राग वगैरे नव्हता, दोरी आवळता आवळता बोलत होता. मी मैत्रिणीसाठी हळवी होऊन आले होते, आणि तिचं दुःख खोटं नाहीच. पण काकांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे घर साठीपर्यंतचं आहे. ह्या माणसाच्या आजोबांना कुणी तारीख सांगितली होती?

काका गप्प झाले. गेटपाशी त्यांनी चावी दिली, कागदावर सही केली आणि टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. नवा फ्लॅट बोईसरमध्येच, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही मागून स्कूटीवर पोचलो तेव्हा दोघं टेम्पोतच बोलत बसले होते.

‘नव्या घरात झोप लागायला किती दिवस लागले तुम्हाला?’ काका विचारत होते.

‘मला लगेच लागली, साहेब, मी पोरगाच होतो. बापाला नाही लागली.’ मग तो खाली उतरला. ‘लिफ्ट आहे ना? फ्रीज जड आहे.’

लिफ्ट बंद होती. फ्रीजची वरची बाजू काकांनी धरली.