सागाचा हिशेब, मोहाचा हिशेब

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये साग बघायला गेलं, की नजर आधी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर जाते. मधला तपकिरी गाभा किती, कडेचं पांढुरकं कच्चं लाकूड किती, त्यावर भाव ठरतो. माल कुठला, हेही आपण विचारतो. पण हा साग लावण्याआधी त्या जागी काय होतं, हे विचारायची पद्धत नाही.

महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं. विदर्भात ठिकठिकाणी मिश्र जंगल तोडून त्याने सलग साग लावला. कागदोपत्री ते जंगल कमी उत्पन्नाचं होतं. गडचिरोलीतल्या गोंड घरांचा हिशेब निराळा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहाखाली जायचं, रात्री गळलेली फुलं वेचून अंगणात वाळत घालायची. मग तेंदूपान, चारोळी, पावसात रानभाज्या. साग पक्का व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात आणि पैसा एकाच तिजोरीत जातो. मोह दर वर्षी घरोघरी देतो. लागवडीवर मजुरी मिळते, हे खरं; पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटदाराचा रोजंदारीवरचा मजूर होतो, त्याची भरपाई कशात मोजायची?

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८७८च्या वन कायद्याला पुणे सार्वजनिक सभेने विरोध केला होता. पुढे पाचच वर्षांत जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर आणि गायरानं गिळणाऱ्या जंगल खात्याचा खरपूस समाचार घेतला. गुरं चारायची कुठे, हा त्यांचा साधा सवाल होता.

उत्तराची सुरुवात व्हायला २००६चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. गावाने बांबू तोडलाही आणि जंगल राखलंही. म्हणजे वाद झाड विकण्याचा नाही. सागही इथलाच, निलगिरीसारखा परका नव्हे. कुठलं झाड ठेवायचं नि कुठलं काढायचं, हे ठरवणार कोण, एवढाच वाद आहे.

आता शहरातल्या कंपन्या दर पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी ‘पडीक’ जमीन शोधत फिरतात. तिथे कुणाची तरी शेळी चरत असते. खड्डे घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं, आणि नकार ऐकायची तयारी ठेवून विचारावं. ती नसेल तर ते विचारणं नव्हे, नुसतं कळवणं.