गच्चीवरचं उळं

निफाड तालुका,
कोजागरी पौर्णिमा

चि. बाळास,


गेल्या शिमग्याला तू टबातल्या कांद्याचा फोटो पाठवला होतास, तो मी अजून ठेवला आहे. कमरेपर्यंत आलेले दांडे, टोकाला पांढऱ्या फुलांचे गेंद आणि खाली तुझा प्रश्न: आत्या, उपटून पाहिलं तर कांदाच नाही, माझं काय चुकलं? परवा म्हणालीस की यंदा गच्चीवर विटांचा वाफाच बांधतेस, सहा फूट बाय तीन फूट. फोनवर सांगितलेलं अर्धं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

आधी त्या टबाचं. तू स्वयंपाकघरातले मोड आलेले कांदे लावले होतेस. कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं असतं. पहिल्या हंगामात तो पात वाढवतो आणि खाली पोटात साठवण करतो. दुसऱ्या हंगामात तीच साठवण खर्चून दांडा काढतो, फुलतो, बी देतो. टोपलीतल्या कांद्याचा पहिला हंगाम कुणाच्या तरी शेतात उरकलेला असतो. पुन्हा मातीत गेल्यावर त्याला बी धरण्याची ओढ लागते. त्या दांड्याला आमच्याकडे डेंगळा म्हणतात. मोडाचा कांदा पातीसाठी खुशाल लाव, पंधरा-वीस दिवसांत पिठल्यात घालण्यापुरती पात मिळेल. पण कांदा हवा असेल तर उळं टाकावं लागतं. उळं म्हणजे कांद्याचं बी.

तुझ्या भावानं न्यू जर्सीहून आणलेलं बियाचं पाकीट मात्र पेरू नकोस. कांदा दिवस मोजतो. दिवसाची लांबी एका मापाच्या पुढे गेली की तो पात वाढवणं थांबवून गाठ धरू लागतो. थंड मुलखातल्या जातींना चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि पुण्यात ऐन जूनमध्येसुद्धा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो. त्या बियाची पात होत राहील, गाठ धरणार नाही. आपल्या जातींना दहा-बारा तास पुरतात. म्हणून आपलं उळं तिकडे उन्हाळ्यात लावलं तर ते उलट घाई करील आणि रोप लहान असतानाच सुपारीएवढा कांदा धरून बसेल. हे भावालाही कळव.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की कुंडी कोणती, खत कोणतं, हे प्रश्न नंतरचे. पेरायची वेळ चुकली तर सोन्याची माती घालूनही उपयोग नाही. आपल्याकडे कांदा तीनदा होतो. पावसाळ्यात लावतात तो लाल पोळ कांदा, पावसाळा सरताना लावतात तो रांगडा आणि थंडीत लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात तो उन्हाळ कांदा. पहिले दोन शेतकऱ्याच्याही जिवाला घोर लावतात, पावसात करपा येतो, रोपं कोलमडतात. तू उन्हाळच कर. तोच टिकतो. एन-2-4-1 ही त्यातली जुनी, पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राची जात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा किरण, भीमा शक्ती याही चांगल्या आहेत. राजगुरुनगर तर तुझ्या पुण्याजवळच.

विटांचा वाफा ही नवी गोष्ट आहे असं तुला वाटतंय. बाळा, रोपं करायला गादीवाफा आपण कायमच करत आलो. हातभर रुंदीचा, चार बोटं उंच, पाणी खाली निथळेल असा. आणि नवरात्रात पत्रावळीवर शेतातली माती पसरून घट बसवतो, तेव्हा दोन बोटं मातीत धान्य कसं तरारून येतं ते तू लहानपणी रोज उठून बघायचीस. कांद्याची मुळंही वरवरचीच, बहुतेक सगळी पहिल्या अर्ध्या फुटात. एक वीत माती त्याला पुरते.

त्याहून जास्त भरू नकोस, कारण माती फार जड असते. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास भरते. तुझ्या वाफ्यात वीतभर माती म्हणजे सहाशे किलोंच्या वर वजन झालं. वाफा गच्चीच्या मधोमध बांधू नकोस, तुळई कुठून गेली आहे ते इंजिनिअरला विचारून तिच्यावर घे. मातीबरोबर कंपोस्ट आणि नारळाचा भुसा सारख्या भागानं मिसळ, वजनही उतरेल. तुझे बाबा गावाकडून काळ्या मातीच्या गोण्या गाडीत घालून देतील, प्रेमानं देतील, पण घेऊ नकोस. आमची काळी माती शेतात सोनं आहे. वाफ्यात ती आवळते, भेगाळते आणि कांदा वेडावाकडा होतो.

वाफा नाहीच झाला तर टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट घे, आत गोणपाट लाव. एका कॅरेटमध्ये पंधरा रोपं बसतात.

उळं दिवाळीच्या आगेमागे टाक. एका कॅरेटमध्ये बोटाएवढ्या अंतरावर रेघा ओढून पातळ पेर. दाट पेरलं की रोपं माना टाकतात. मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत, सहा-सात आठवड्यांची झाली की उपटून वाफ्यात लाव. दोन ओळींत अर्धी वीत, दोन रोपांत चार बोटं. सहा बाय तीनमध्ये शंभर रोपं सहज बसतील.

लावणी मला माझ्या सासूबाईंनी शिकवली. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात त्यांनी मला पहाटे वाफ्यात उभं केलं. पाय गारठून बधिर झाले होते. मी रोप खोल खुपसत होते, उन्मळू नये म्हणून. त्यांनी माझा अंगठा धरला आणि पहिल्या पेरापर्यंत चिखलात दाबला. एवढंच, म्हणाल्या, कांदा मातीवर बसतो. तेव्हापासून मी अंगठ्यानंच मोजते. खोल गेलेलं रोप लांबोडका कांदा देतं. पुढे कांदा उघडा पडलेला दिसला की तुला त्यावर माती ओढावीशी वाटेल. ओढू नकोस, त्याला ऊन लागलंच पाहिजे.

पाणी थोडं पण वरचेवर दे. जानेवारी-फेब्रुवारीत पातीवर चंदेरी ठिपके दिसले तर ते फुलकिडे. पातीच्या बेचक्यात लपून रस ओढतात. सकाळी पाण्याचा फवारा जोरानं मार, आठवड्यानं निंबोळी अर्क. आम्ही कांद्याच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी आधीच लावतो, कीड तिथेच अडते. तूही वाफ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला चार ताटं लाव. शेणखत, जीवामृत जे काय द्यायचं ते लावणीपासून दोन महिन्यांच्या आत. नंतर दिलं की मान जाड होते आणि जाड मानेचा कांदा सडतो.

एप्रिलमध्ये एक दिवस पात आपोआप आडवी पडू लागेल. याला मान पडणं म्हणतात. रोप तहानलं असं समजून तू बादली घेऊन धावशील, म्हणून आताच सांगते, पाणी त्याच्या दोन आठवडे आधीच तोडायचं असतं. निम्म्या माना पडल्या की काढ. तीन दिवस तिथेच, एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असे पसरून ठेव. मग सावलीत दहा-बारा दिवस. पात कापताना दोन बोटं मान राखून काप. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याची पात न कापता वेणी घालून माळा करतात. त्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुझ्या बाल्कनीत तशी माळ शोभेल आणि वाऱ्यावर टिकेलही.

शंभर रोपांचे सहा-सात किलो कांदे होतील. तुमच्या घराला दीड महिना. बाजारात भाव चढला म्हणून हे करणार असशील तर हिशेब जमणार नाही, आणि कांदा महागला म्हणून शहरात ओरड होते तेव्हा आमच्या कांदाचाळीतला अर्धा माल काजळी धरून आणि मोड येऊन गेलेला असतो, हे तू तरी विसरू नकोस. पाच-सहा महिने एका पिकाकडे रोज बघितलेलं माणूस भावाबद्दल वेगळं बोलतं. तू तसं बोलावंस अशी माझी इच्छा आहे.

सोबत पुडी पाठवते. एका वर्षी दुकानातून घेतलेलं उळं निम्मं उगवलंच नाही, सारा हंगाम हातचा गेला. तेव्हापासून घरचंच धरते. चाळीतले बारीक मानेचे, एकसारखे, एकेरी कांदे निवडून लावते. जोड कांदा बियाला घेत नाही. हे उळं याच मे महिन्यातलं आहे. कांद्याचं बी वर्ष उलटलं की नीट उगवत नाही, तेव्हा पुडी डब्यात जपून ठेवू नकोस. दिवाळीच्या सुट्टीतच पेर.

तुझी,
आत्या