ते मुद्दाम करत नाहीत



डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की आपण भेटायला जातो. टाके भरले का, चालता येतं का, जेवण जातं का, एवढं विचारतो. तिन्हींना 'हो' आलं की म्हणतो, "पुण्याई मोठी, वाचले." घरातल्या बाईची परीक्षा मात्र तिथून पुढे सुरू होते. त्या परीक्षेत मदत करणारं एक माणूस असतं, आणि आपल्या बायकांना ते ठाऊक असावं, म्हणून आज लिहिते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, वाशीच्या मसाला मार्केटमध्ये पेढीचा हिशेब बघायचे. दीड वर्षापूर्वी स्कूटरवरून पडले. जखम भरली, बोलणं परत आलं. पण कधी आवाज न चढवणारा माणूस आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवू लागला. सकाळी येऊन गेलेले पाहुणे दुपारी आठवेनात. सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवलेले असत आणि रात्री आठला विचारत, "आज मला जेवायला का नाही दिलं?" तीस वर्षं रात्री न जेवलेला माणूस! अक्काला नियम मोडवेना आणि त्यांचा चेहराही बघवेना. नातेवाइकांत कुणी म्हणे, "मुद्दाम करतात," कुणी म्हणे, "पूर्वकर्म."

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. या मॅडम गोळ्या देत नाहीत. लक्ष, आठवण, भाषा, कामाची आखणी, रागावरचा ताबा यांतलं काय बिघडलं आणि काय शाबूत आहे, हे त्या शोधतात. स्कॅनमध्ये जखम दिसते, पण त्या जखमेमुळे घरात रोज काय अडणार ते दिसत नाही. त्यांनी भाऊजींना आकडे उलटे म्हणायला लावले, किचकट आकृती आधी बघून आणि मग आठवून काढायला सांगितली, शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने पुन्हा विचारली. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ साली अशा चाचण्यांचा भारतीयांसाठी संच काढला. त्यात वय आणि शिक्षण बघून माप लावतात, म्हणजे चौथी शिकलेल्या आजींना इंजिनिअरचं माप लागत नाही.

मग त्यांनी अक्काला समजावलं. कपाळामागचा मेंदूचा भाग लगामासारखा असतो. तो दुखावला की मनात आलेलं थेट तोंडावाटे बाहेर पडतं. हे ऐकून अक्का पहिल्यांदा मोकळेपणी रडली. इतके दिवस तिला वाटत होतं, माणूसच बदलला.

शाबूत काय, हे शोधण्याचं मोल किती, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९४३ साली झासेत्स्की नावाच्या रशियन सैनिकाच्या डोक्यात गोळी लागली. लुरिया नावाच्या डॉक्टरांनी त्याचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. एकेक अक्षर आठवून लिहायला गेला की तो अडायचा. न थांबता लिही म्हटल्यावर हात आपोआप चालू लागला. लिहिलेलं स्वतःला धड वाचता येत नसतानाही त्याने सुमारे २५ वर्षं आपली कहाणी लिहिली.

आमचे भाऊजी सकाळचा नाश्ता विसरत, पण भक्तामराचे ४८ श्लोक न अडखळता म्हणत. मॅडम म्हणाल्या, "वर्षानुवर्षं घोटलेलं टिकलंय, तेच आपलं भांडवल." म्हणून सकाळच्या गोळ्यांची डबी जपमाळेशेजारी गेली. माळ ठेवली की गोळी. स्वयंपाकघरात एक वही टांगली. जेवण झालं की भाऊजी स्वतः वेळ आणि पदार्थ लिहून सही करतात. रात्री आठला अक्का वाद घालत नाही, वही पुढे करते. आयुष्यभर वहीवर विश्वास ठेवलेला माणूस आपल्या अक्षरातली नोंद बघून गप्प होतो.

आणखी काही गोष्टी आम्ही शिकलो. "आठवा बघू" म्हणायचं नाही, बरोबर उत्तर आधी सांगायचं, कारण चुकीचा अंदाजच डोक्यात पक्का बसू शकतो. एका वेळी एकच काम सांगायचं. बोलताना टीव्ही बंद. दुपारची विश्रांती चुकवायची नाही. राग आला की समजूत घालत न बसता बाजूला व्हायचं.

सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. हिशेब आता पुतण्या बघतो, भाऊजी दोन तास पेढीवर बसून येतात. पण घरात ताट सरकवण्याचे दिवस कमी झालेत.

आपल्या धर्मात ज्ञानावरण सांगितलंय. ढगाने सूर्य झाकला तरी सूर्य विझत नाही, तसा आत्म्याचा ज्ञानगुण झाकला जातो, संपत नाही. कुणाच्या दुखण्यावर "कर्म" म्हणून बोट ठेवताना हा अर्धा भाग आपण विसरतो. झाकलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे आपल्याच हातात असतं.

कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल आपणहून विचारा. ज्यांच्याकडे जाल त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही बघा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तिथेही चौकशी करता येईल.

आणि भेटायला जाल तेव्हा फळांसोबत दोन तासही घेऊन जा. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. तिला शांतपणे मंदिरात जाऊन येऊ द्या.

जय जिनेंद्र.